फ्रीव्हील

पहाटेचे पाच दहा. खिडकीबाहेर काटा
उणे एकतीसवर टेकलाय, रुसून बसलेल्या पोरासारखा.
रेडिओ म्हणतो, गरज असेल तरच बाहेर पडा.
मला गरज आहे. एकशे ऐंशी पोरांची लापशी
आपली आपण शिजत नाही.

दोन पायमोजे, मध्ये कालच्या पेपरचं पान,
ही युक्ती आईची, तिला तिच्या आईनं दिलेली.
दिव्याची बॅटरी रात्रभर माझ्या उशीखाली निजते,
ती बसवायची सगळ्यात शेवटी, अगदी दाराशी.

पुलापर्यंत बोलायला कुणी नसतं,
म्हणून मी बर्फ ऐकते.
उणे पाचला तो गप्प.
उणे पंधराला कुरकुरतो, नव्या चपलेसारखा.
तिसाच्या खाली गेला की टायरच्या खिळ्यांखाली किंचाळतो,
काचेवर खडा ओढावा तसा.
नाकातल्या केसांच्या सुया होतात.
उजवी पापणी चिकटली की डाव्या डोळ्यानं रस्ता,
डावी चिकटेपर्यंत उजवी सुटलेली असते.

गिरणीच्या वळणावर पायडल एकदम हलकं झालं.
इतकं हलकं, की क्षणभर बरंच वाटलं.
मग कळलं: पाय फिरतायत, साखळी फिरतेय,
चाकाला मात्र कुणी काही कळवलेलंच नाही.
फ्रीव्हीलमधल्या ग्रीसचा घट्ट मध झालेला,
आतले दोन चिमुकले दात त्यात गाढ झोपलेले.
अशा थंडीत त्यांना बोल तरी कोण लावणार?

थर्मासमधली कॉफी ओतली.
वीस पावलं चाललं.
मग कॉफीचाच बर्फ झाला, साखरेसकट.

ऊर्पो तिथूनच जातो, पेपर टाकत.
अकरा वर्षं आम्ही एकमेकांना पाहून हनुवटी हलवतो.
ओउलूत याला घरोबा म्हणतात.
तो थांबला. चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
गठ्ठे बांधायची तार काढली,
हातमोजा दातांत धरला
आणि उघड्या बोटांनी दातेरी चकती
स्पोकांना बांधायला बसला.
तिसऱ्या वेढ्याला बोटं ऐकेनात,
ती त्यानं तोंडात घातली, जरा वेळ चोखली,
पुन्हा बाहेर काढली.
उठताना म्हणाला, "आता थांबायचं नाही."
तीन शब्द. अकरा वर्षांतले पहिले.

अर्थ कळला पुलावर.
पुलाच्या पलीकडे उतार आहे, तिथे मी रोज पाय सोडते.
मागे ती टिकटिक, सायकल आपली आपण चाललेली,
आणि चौदा सेकंद
कुणालाच माझ्याकडून काही नको असतं,
लापशी नको, आईच्या गोळ्या नकोत,
थोरल्याच्या भाड्याचे उरलेले पैसे नकोत.
मोजलेत मी. चौदा.

आज पायडलांनीच माझे पाय धरले.
थांबू पाहिलं तर सीटवरून भिरकावून द्यायला निघाली.
शिवी हासडली. मग हसू आलं,
हसले तर दातांत कळ गेली.
उतारभर गुडघे वर-खाली, वर-खाली,
आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं,
पायांची बोटं परत आली होती,
एकेक करून, झिणझिण्या घेऊन.

लापशीला सात मिनिटं उशीर.
पहिलीतली ओना वाडगा पुढे करत म्हणाली,
"मेर्वी, तुझ्या भुवया म्हाताऱ्या झाल्या."
थांब म्हटलं, ताटली पुसेपर्यंत तरण्या होतील.

संध्याकाळी (संध्याकाळ म्हणायचं, अंधार तोच)
तळघरात सायकल उलटी टाकून तार सोडवली.
तासाभरानं चाक फिरवून पाहिलं.
टिक.
मग काहीच नाही.
मग टिक, टिक,
उशिरा उठून हजेरी द्यावी तशी.
मी जिन्यावर बसून ऐकत राहिले,
चौदापेक्षा पुष्कळ जास्त.

तार फेकली नाही. हँडलला गुंडाळून ठेवलीय.
उद्या उणे चौतीस सांगतात.
कुणाचं ना कुणाचं चाक गळपटणारच,
आणि तीन शब्द आता मलाही येतात.